धानोरा टर्मिनसचा धूर

१

धानोऱ्याला रेल्वे नव्हती. तरीही १९५७ च्या वैशाखात, भर दुपारी सव्वादोन वाजता, धानोऱ्याचं रेल्वे स्टेशन जळालं.

जळालं ते गडचिरोलीत, हिरड्याच्या रिकाम्या गोदामात. टिनाच्या छपराखाली बावीस फूट लांब फळ्यांवर त्याचा नमुना मांडलेला होता. दोन फलाट, पाण्याची टाकी, माल उतरवायचा धक्का, इंजिन उलटं फिरवायचा रुळांचा त्रिकोण आणि शेवटी बफर. त्यापुढे रूळ नाही. त्यापुढे थेट जंगल. रेल्वेकडे तालुक्याने सात वर्षं अर्ज केले होते. सातही वर्षं उत्तर एकच आलं: त्या भागात स्टेशनची आवश्यकता दिसत नाही. तेव्हा प्रदर्शन मंडळाच्या अध्यक्षा सुगंधाबाई म्हणाल्या होत्या, "दिसत नाही म्हणतात ना? मग दाखवू. अर्ज फायलीत घालता येतो. बावीस फुटांचं स्टेशन कोणत्या फायलीत घालतील ते पाहतेच मी."

रेल्वेचा मोठा साहेब उद्या दुपारी दोनला येणार होता. सकाळी आठला शेवटची चाचणी झाली तेव्हा गाडी अशी अलगद फलाटाला लागली, की बघ्यांनी टाळ्या पिटल्या. नऊला चिंतलवार मास्तरांनी गोदामाला कुलूप घातलं. आणि सव्वादोनला टिनाच्या फटींतून धूर.

किल्ली घेऊन मास्तर धावत आले. "मागे राहा! आत वीज आहे!" असं ओरडून ते एकटेच आत शिरले. एक विडा लावून तोंडात टाकावा इतका वेळ गेला आणि मग त्यांची हाक आली, "या आता. बॅटरी सोडवली. पण या, आणि बघा काय केलंय ते!"

दुसऱ्या फलाटाचं छप्पर करपलेलं. फळ्यांखालच्या तारा कोळसा झालेल्या. बॅटरीकडून रुळांकडे जाणारी तारांची मुख्य जुडी मधोमध कापलेली. आणि खाली जमिनीवर पक्कड, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली.

ती चिंधी कुणाची, हे गोदामातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळे मागे वळले. दारात, सुगंधाबाईंच्या पाठीशी, सोमारी उभी होती.

"पक्कड माहीच हाय," ती म्हणाली. "तोडलं कोनं ते मले माहीत नाई. अना मले तोडाचं असतं, तं पक्कड कायले आनन जी? घन आनला असता. तुमाले सगळ्याईले बोलावून, तुमच्या डोळ्यादेखत तोडलं असतं."

२

गर्दीतल्या गुणवंतरावांनी एकतीस वर्षं मूल गावाच्या बाजूच्या छोट्या गाडीवर तिकिटं तपासली होती. नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या: एक पेन्शन आणि दुसरी म्हणजे माणसं रकान्यांत मांडायची खोड. तिकीट नसलेला माणूस खिडकीबाहेर बघतो, असं लोकांना वाटतं. गुणवंतरावांचा हिशेब वेगळा होता. तिकीट नसलेला माणूस शेजाऱ्याशी फार गोड बोलतो. बायकोने म्हणे एकदा विचारलं होतं, मी कोणत्या रकान्यात? गुणवंतराव त्या दिवसापासून घरात जरा जपूनच बोलत.

सुगंधाबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "गुणवंतभाऊ, उद्या साहेब आहे. मला आज दिवेलागणीच्या आत हे करणारा माणूस हवा. सोमारी असेल तर सोमारी. तिच्या नेमणुकीचा कागद माझ्या पिशवीत आहे. मुलींच्या शाळेत हस्तव्यवसायाची शिक्षिका. उद्या साहेबासमोर सही करणार होते. आता तो फाडू की ठेवू, तेवढं सांगा."

फाडला, की सोमारी पुन्हा मूलच्या रेल्वे गँगमध्ये, डोक्यावर खडीचं घमेलं. गँगमध्ये दहा वर्षं रेजा, म्हणजे मजूर बाई, म्हणून काढलेली, गेली दोन वर्षं साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेली, तीन महिने मास्तरांच्या हाताखाली तारा ओढलेली ही विधवा बाई. आता तिच्यावर पोलिसांत तक्रारही होणार. गुणवंतरावांनी कॅलेंडरचं एक जुनं पान घडी करून खिशात ठेवलेलं होतं. त्याची कोरी बाजू वर काढली आणि पेन्सिलीला थुंकी लावली.

पहिला मुखरू. त्याच्या बारा बैलबंड्या जंगलातला माल मूल स्टेशनला नेत.

"रेल आली तं माहे बैल काय भजन करतीन?" मुखरू फिस्कारला. "हो, मले ते स्टेशन नाई पायजे. चारचौघांत सांगतो. पर त्या तारांच्या जवळ मी जाईन का जी? मागच्या मयन्यात टुरिंग टाकीजच्या तारेले हात लागला, तीन दिवस हात सुन्न होता. मी चाचनी पाह्यली तेबी खिडकीतून."

दुसरा लटारू, गँगचा जुना मुकादम. रुळांचं सगळं त्याने सोमारीला शिकवलेलं, आणि आता तीच त्याला शिकवायला लागली म्हणून तो फुगलेला.

"रूळ बसवले ते मी अना तिनं, माघ मयन्यात, थंडीत. तीन तीन फुटाचे तुकडे. दर सांध्यात घडी घातलेलं पोष्टकार्ड धरलं, रूळ ठोकला, कार्ड काढून घेतलं. तेवढी फट पायजेच. अस्सल रुळाले पायजे तं याले नाई का?"

"आणि तारा?"

"तारांचं मले विचारू नका. कोनती तार कुठी जाते, कोनती फट कायची, ते मास्तर जाने अना ते सोमारी जाने. मी त्या खेपेले बिडी प्याले बाहेर जातो."

"भांडण झालं होतं म्हणे तुमचं."

"झालं. तिनं मले म्हटलं, लटारूभाऊ, तुमी पाना उलटा धरला हाय. चाळीस वर्साच्या कामानंतर! अना खरंच उलटा होता, हेच तं दुखते."

तिसरे मास्तर. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, आवाज वर्गातला. सातवीला विज्ञान शिकवत.

"तर्क अगदी सरळ आहे, गुणवंतराव. काल तिनं तमाशा केला, की स्टेशनच्या फलकावर तिचं नाव घाला. आपण नाही म्हटलं. आज सकाळी चाचणीनंतर मी कुलूप शोधत होतो, तेवढ्यात तिनं तारा कापल्या. उघडी टोकं हळूहळू सैल होऊन एकमेकांना टेकली, आणि पेटलं. मी बॅटरी जोडलेली ठेवली होती, स्टेशनचे दिवे किती वेळ टिकतात ते बघायला. दुर्दैव!"

"सकाळी गाडी छान चालली हो," गुणवंतराव म्हणाले.

"चालली ना? अहो, मी तर—" मास्तर थांबले. "म्हणजे आम्ही सगळ्यांनीच फार कष्ट घेतले होते. गुणवंतराव, तुमचं निरीक्षण फार बारीक, हं. आमच्या शाळेत एकदा या, मुलांना सांगा अनुभव."

गुणवंतरावांनी पेन्सिल थांबवली. मास्तर गोड बोलले होते.

३

सोमारी गोदामाच्या पायरीवर बसली होती. उठली नाही.

"बारा वाजल्यापासून कुठे होतीस?"

"सुगंधाबाईच्या ओसरीवर. धूर दिसेपर्यंत. विचारा त्याईले. मी सांगतलं, नाव लिवल्याबिगर उठनार नाई. फलकावर काय लिवलं हाय, पाह्यलं तुमी? 'रचना: श्री. चिंतलवार मास्तर व मंडळी.' मी मंडळी नाई जी. माहं नाव सोमारी हाय."

"बारापर्यंतचं काय? मास्तर म्हणतात तू सकाळीच तारा कापल्या."

"तं मंग मास्तरले तारांचं काईच येत नाई." ती आता उठली. "चाला, दाखवतो."

"आत कुणाला सोडायचं नाही असं बाईंनी—"

"तुमी एकतीस वर्सं बिना तिकिटाच्या मानसाईले डब्यातून उतरवलं. आज एका बाईले आत चढवा."

गुणवंतराव हसले नाहीत, पण दार त्यांनीच ढकललं. आत उन्हाने टिन कडकडत होतं. सोमारी फळीखाली वाकली, कापलेल्या जुडीची दोन्ही टोकं त्यांच्या हातात दिली.

"हे बॅटरीकडचं टोक. जळालं हाय?"

"कोळसा."

"हे रुळाकडचं. याच्यात वीज येनार कुठून, जर सकाळीच कापलं तं? हे कोरं राह्याले पायजे."

गुणवंतरावांनी टोक उजेडात धरलं. रुळाकडची तारही हातभर लांब काळी ठिक्कर. आणि कापलेल्या जागी मात्र तांबं लखलखीत, जणू आत्ताच दुकानातून आणलंय. काजळीचा एक कण नाही.

"बाप रे," ते पुटपुटले. "जळताना तार अखंड होती."

"हो जी. आग पयले. पक्कड मंग."

आग लागल्यावर कापली. आणि आग लागल्यावर, सगळे बाहेर असताना, आत एकच माणूस होता.

पण मग गुणवंतराव थबकले. मास्तरांनी तारा नंतर कापल्या असतील. आग कुणी लावली?

४

"सोमारी, सकाळपासून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "एकतीस वर्षं मी गाडीत झोपलो आणि सांध्यांच्या खडखडीने उठलो. गेल्या आठवड्यात ही छोटी गाडीही खडखडत होती. आज सकाळी आवाजच नाही. मला वाटलं, कान गेले."

सोमारीचा चेहरा बदलला. ती फलाटाच्या रुळावर वाकली आणि बोट फिरवत गेली. पहिल्या सांध्यावर बोट थांबलं. पिवळ्या पितळी रुळावर एक पांढरा ठिपका, कानशीने घासून सपाट केलेला.

"कथील," ती म्हणाली. "डाग देऊन फट बुजवली. हे पाहा, दुसरी. तिसरी. चौथी. पाच रुळाचा एकच रूळ केला, पंधरा फुटाचा!" मग ती धावत त्रिकोणाच्या तोंडाशी गेली. "इथी बुजवली नाई. इथी डाग नाई."

"इथेच का नाही?"

"कावून की ते फट गाडीसाठी नाई, विजेसाठी हाय. इंजिन त्रिकोनात उलटं फिरते, म्हून अलीकडची वीज अना पलीकडची वीज उलट्या. या दोघी कवाच भेटल्या नाई पायजे. भेटल्या की तारा जळल्या. मधात एवढी फट तेच्यासाठी." तिने फलकाशेजारचं पोस्टकार्ड उचललं, घडी घातली, फटीत घालून पाहिलं. कार्ड आत जाईना. रूळ रुळाला घट्ट चिकटला होता. किंचित कमानलाही होता.

गुणवंतरावांनी छपराकडे पाहिलं. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता.

"बाईंना बोलाव," ते म्हणाले. "सगळ्यांना बोलाव. आणि येताना माठ घेऊन ये. गार पाण्याने भरलेला."

५

साडेतीनला सगळे जमले. गुणवंतरावांनी कॅलेंडरचं पान फळीवर ठेवलं. त्यावर दोन रकाने होते. एकावर 'वीज', दुसऱ्यावर 'रूळ'.

"कुणीतरी आज सकाळी चाचणीआधी फटी बुजवल्या," ते म्हणाले. "चार बुजवल्या, एक ठेवली. ज्याला विजेतलं कळत नाही, त्यानं पाचही बुजवल्या असत्या, आणि स्टेशन सकाळी आठलाच जळालं असतं. म्हणजे मुखरूभाऊ सुटले. त्यांना विजेतलंही कळत नाही आणि रुळांतलंही."

"बरं झालं गा, अडानी राह्यलो," मुखरू म्हणाला.

"लटारूभाऊंना रुळांतलं कळतं. ते फट बुजवणार नाहीत. मुद्दाम बिघडवायचं ठरवलं तरी कोणती फट ठेवायची ते त्यांना ठाऊक नाही. ते बिडी प्यायला गेले होते."

लटारूने मान हलवली. पुरावा म्हणून बिडी दाखवली.

"सोमारीला दोन्ही कळतं. ती मुद्दाम करू शकली असती. पण तारा कापल्या त्या आगीनंतर, सव्वादोनच्या पुढे. टोकं पाहा बाई. आणि सव्वादोनला ती कुठे होती?"

सुगंधाबाईंनी पदर सारखा केला. "माझ्या ओसरीवर. बारापासून. माझं डोकं खात."

"मग राहिला तो, ज्याला वीज कळते आणि रूळ कळत नाही. आणि जो सव्वादोनला आत एकटा होता."

"हा निव्वळ अंदाज आहे!" मास्तर म्हणाले. "फट तर बुजवलीच नाही ना तिथे? तुम्हीच म्हणता! मग जळालं कसं? सकाळी तर चाललं!"

"सोमारी," गुणवंतराव म्हणाले.

सोमारीने कार्ड पुन्हा फटीला लावून दाखवलं: जात नाही. मग माठ उचलला आणि पंधरा फुटांच्या रुळावर बफरपासून पाण्याची धार धरत चालत आली. रूळ कुरकुरला. कमान बसली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ती धार फिरली. मग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्रिकोणाच्या तोंडाशी काळी रेघ उघडली, दोऱ्याएवढी, मग सुतळीएवढी. सोमारीने पोस्टकार्ड सोडलं. ते आत उतरून उभं राहिलं.

लटारू वाकून बफरपर्यंत बघत गेला.

"बफर पक्का ठोकलेला," लटारू घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चार फटी मिटल्या, तं रूळ जाईन कुठी? वाढला तेवढा सगळा इकडंच सरकन. उन्हाळ्यात रूळ वाढते, हे गँगमधल्या बकरीलेबी ठाऊक हाय."

"शाळेतल्या पोरांनाही," गुणवंतराव म्हणाले. "मास्तर, सातवीला तुम्ही लोखंडाचा गोळा तापवता, कडीतून जात नाही असं दाखवता, आणि फळ्यावर काय लिहिता?"

मास्तरांच्या ओठांना सवय होती; ते आपोआप हलले. "उष्णतेने... धातू प्रसरण पावतात."

कुणी हसलं नाही, हे त्यांना अधिक लागलं असावं. ते पाण्याच्या टाकीशेजारी बसले.

"गाडी प्रत्येक सांध्यावर हिसका खात होती," ते म्हणाले. "साहेब हसला असता. मी हिला सांगितलं, फटी बुजव. ही म्हणाली, नाही. रेजा मला नाही म्हणते! म्हणून सकाळी सहाला मीच... आणि किती सुरेख चालली! दुपारी आत आलो, ती फट मिटलेली पाहिली, आणि एका क्षणात कळलं. हिची पक्कड समोरच पडली होती."

"माह्या हातानं मी माहंच स्टेशन जाळीन असं वाटलं तुमाले?" सोमारी म्हणाली.

"मला फक्त वाटलं, लोकांना वाटेल."

सुगंधाबाईंनी पिशवी उघडली, बंद केली. "उद्या साहेबासमोर राख ठेवू का मास्तर? की तारच पाठवू, येऊ नका म्हणून?"

"तार नाई पाठवाची," सोमारी मध्येच म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तो चढण्याची गरजच नव्हती. "उजाडल्यावर मी चारी सांधे कापतो. बारापर्यंत नवीन तारा वढतो. लटारूभाऊ, तुमी कार्ड धरा. मास्तर, तुमीबी या. डाग तुमी चांगला देता, ते मी नाई म्हनत नाई. पर कुठी द्याचा ते मी सांगन."

"अना मी?" मुखरूने विचारलं, त्याचं त्यालाच नवल वाटत.

"तुमी खिडकीतून पाहा."

६

दुसऱ्या दिवशी दोनला साहेब आला. सोला हॅट काढून त्याने कपाळ पुसलं, बावीस फूट एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिले. करपलेलं छप्पर बदलायला वेळ मिळाला नव्हता. ते तसंच होतं.

"ये कौन सा स्टेशन है? हमारे नक्शे में तो नहीं है."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं," सुगंधाबाई म्हणाल्या.

साहेब वाकला. सांध्यांकडे, फटींकडे, तारांच्या बांधणीकडे त्याने बराच वेळ पाहिलं. खेळणं बघायला आलेला माणूस आता कामाच्या माणसासारखा बघत होता. "पटरी किसने बिछाई? और ये वायरिंग?"

सगळ्यांचे डोळे मास्तरांकडे वळले. मास्तरांचा सदरा काळा झाला होता, बोटांवर चटके होते. त्यांनी घसा साफ केला. "दोन्ही काम... सोमारीबाईंचं."

"अच्छा! ये यहाँ मास्टरनी हैं?"

"हो, हो," सुगंधाबाई पुढे झाल्या, "आमच्या मुलींच्या शाळेच्या—"

"अजून नाई जी," सोमारी म्हणाली. तिचा हात गाडी सोडायच्या कळीवर होता. तिने तो काढून घेतला. "कागद बाईच्या पिशवीत हाय. सही नाई झाली. मास्तरीन म्हनाचं तं मास्तरीन म्हना, रेजा म्हनाचं तं रेजा म्हना. मधातलं काई म्हनू नका."

साहेबाला मराठी किती कळली कोण जाणे, पण पिशवी, कागद आणि सही एवढे शब्द त्याला पुरेसे असावेत. सुगंधाबाईंनी कागद काढला. पेन मात्र निघेना. मास्तरांची दोन्ही पेनं आज दुसऱ्या सदऱ्यात राहिली होती. साहेबाने आपलं पेन उघडून पुढे केलं.

सुगंधाबाईंनी मालधक्क्याच्या छपरावर कागद ठेवून सही केली. सोमारीने तो घेतला, एकेका अक्षराखाली बोट फिरवत सावकाश वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग घडी करून पदराच्या गाठीत बांधला आणि कळीवर हात ठेवला.

"साहेब, मागं सरका," ती म्हणाली. "गाडी येऊन राह्यली."

आणि ज्याच्या नकाशात ते स्टेशन नव्हतं, तो साहेब दोन पावलं मागे सरकला.